हाकेला ओ

दोर वळणारीने लेकीच्या कमरेला दुसरी गाठ मारली आणि गाठीत दोन बोटं घालून जोरात ओढून पाहिली. गाठ हलली नाही. लेक मात्र हलली आणि आईच्या अंगावर येऊन आदळली.

"नीट उभी राहा. दोर घट्ट आहे, तूच सैल आहेस."

किनाऱ्यावर जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दिवस हसण्याचा नव्हता. गोठलेल्या सरोवराच्या मधोमध जे बेट होतं, तिथे दिवेवाले आजोबा एकटे राहत. तीन दिवस झाले, त्यांच्या धुराड्यातून धूर निघाला नव्हता. रात्री दिवाही लागला नव्हता. हिवाळा सरत आला होता आणि बर्फ खालून झिजला होता. आदल्या दिवशी होडीवाला निघाला, तर विसाव्या पावलाला त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. त्याला फळीवर आडवं घालून मागे ओढावं लागलं. मोठ्या माणसाचं वजन बर्फ पेलणार नव्हता. मुलांचं पेललं तर पेललं.

आजोबांची नात कुणी विचारायच्या आधीच पुढे आली होती. ती बोलायची थांबत नसे, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. टिटवी निघाली समुद्र आटवायला, असं होडीवाला म्हणाला, तेव्हा आटवायचा नाही, नुसता ओलांडायचाय, असं तिने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. मग मागे कोण, असा प्रश्न निघायच्या आत तिने गर्दीतल्या एका मुलीकडे बोट दाखवलं होतं. ती दोर वळणारीची लेक, गोगलगाय.

तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. गोगलगायीला हे नाव उगाच पडलं नव्हतं. शाळेत हजेरी घेताना तिचं 'हजर' पुढची दोन नावं होऊन गेल्यावर यायचं. पाववाल्याची मुलगी चपळ आहे, तिला घे, असं दोघा-तिघांनी सुचवून पाहिलं.

"मला हीच हवी," टिटवी म्हणाली. "ही ओ उशिरा देते, पण देते."

बर्फावर ओ फार महत्त्वाची होती. जायचं ते दोघांनी, मध्ये पंधरा हात दोर ठेवून. दर वीस पावलांनी पुढच्याने हाक मारायची आणि मागच्याने ओ द्यायची. ओ आली नाही, तर पुढच्याने पाय उचलायचा नाही. हा नियम पोरंसोरं चालायला लागण्याआधी शिकत. दुसरा नियम त्याच्याही आधी शिकत: खालचा ओरडला, तर तोंड मिटायचं. खालच्याला कुणी पाहिलं नव्हतं. पण कधी कधी तो बर्फाखालून असा ओरडे, की फडताळातली भांडी वाजत आणि आया मुलांच्या कानांवर हात ठेवत. त्याला ओ देणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ उघडतो, असं सगळे सांगत.

दोर वळणारीने सगळा दोर हाताखालून पुन्हा एकदा जाऊ दिला.

"हा मी वळलाय. तुटणार नाही. बाकीचं तुमच्याकडे."

छोट्या घसरगाडीवर तेलाचा डबा, कोरडी लाकडं आणि औषधाचं गाठोडं होतं. टिटवी पुढे, गोगलगाय मागे गाडी ओढत. किनारा मागे पडला, तशी टिटवी आजोबांबद्दल सांगू लागली. ते आधी तिच्या बुटांवरून रागावतील, मग तिच्या केसांवरून आणि मग चहा टाकतील. गोगलगाय ऐकत होती. टिटवीला जितकी जास्त भीती वाटते तितकी ती जास्त बोलते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती मध्ये बोलत नव्हती.

"गोगेऽ"

दोन श्वास गेले.

"ओ."

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. आधी बेट गेलं, मग किनारा गेला आणि शेवटी टिटवीही दिसेनाशी झाली. दोराचे तेवढे काही हात धुक्यात शिरताना दिसत होते. गोगलगाय पावलं मोजत होती. निदान आज तरी उशीर करायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. अठरा झाली आणि हाक आली, जरा घोगरी.

"गोऽऽ"

"ओ!" तिने उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती वेळेवर होती.

दोर थांबला.  मग टिटवीचा आवाज आला, कधी नव्हे इतका हळू.

"मी हाक मारली नव्हती."

बर्फ निळसर होता. त्याच्या खालून ढगाची सावली सरकावी तसं काहीतरी रुंद, काळं सरकत आलं आणि गोगलगायीच्या पायांखाली येऊन थांबलं. टिटवीने दोराला हिसके दिले: चल, पळ, काही बोलू नकोस. गोगलगायीचे पाय हलेनात. बर्फ आता उघडेल, मग उघडेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. उघडला नाही.

"गोऽऽ" पुन्हा आलं. या वेळी खालून, सरळ तळपायांना. पण हळू, जणू हाक मारणाऱ्यालाच ओ आल्याचा विश्वास बसत नव्हता.

ती गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिने तळवा बर्फावर टेकवला. बर्फ कापत होता, वासराचा गळा खाजवताना थरथरतो तसा.

"ओ," ती म्हणाली. या वेळी चुकून नव्हे.

टिटवी दोर धरून मागे आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजोबा तिकडे थंडीने मरताहेत आणि तू याच्याशी गप्पा मारतेस, असं ती कुजबुजत्या आवाजात भांडली.

"एकदा ओ दिलीय मी त्याला," गोगलगाय म्हणाली. "आता नाही कशी म्हणू?"

टिटवीने दोर सावरला. ती वळली आणि चालू लागली. सावली मागून येत राहिली, गाडीच्या मागे, रांगेतल्या तिसऱ्यासारखी. मधूनमधून खालून हाक येई, मधूनमधून पुढून. गोगलगाय दोघांनाही ओ देत होती आणि बहुतेक वेळा उशिराच.

धुक्यात बेटाचे खडक दिसू लागले, तेव्हा बर्फ मोडला. आवाज असा काही झालाच नाही. टिटवी होती आणि मग नव्हती. दोर ताठ झाला आणि गोगलगाय पालथी पडून पुढे ओढली जाऊ लागली. तिने बुटांची टोकं बर्फात रोवली. घसरणं थांबलं, पण टिटवीला वर ओढायला अंगात जोर नव्हता. दोर तुटत नव्हता. सोडला तरच सुटला असता, आणि सोडायचा विचारही तिला शिवला नाही.

ती जन्मभर ओ देत आली होती. स्वतःहून हाक मात्र तिने कुणालाच मारली नव्हती. काय म्हणून मारायची, तेही तिला कळेना.

"अरेऽ!" ती ओरडली. "अरे, ऐकतोयस ना?"

काहीच नाही. एक बूट घसरला. मग दुसरा.

आणि मग खालून आलं, भांडी वाजवणारं, खडकांवरून घरंगळत जाणारं:

"ओऽऽऽ"

भोकातलं पाणी फुगलं. कुणी घागर उचलून ओट्यावर ठेवावी तशी टिटवी वर आली, शेवाळ धरलेल्या एका राखाडी पाठीवर बसून. पाठ तिरकी झाली, टिटवी खडकावर घसरली आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

गोगलगाय रांगत, वळसा घालून तिच्यापाशी पोचली. टिटवीचे दात वाजत होते. ती किती तरी वेळ बोलली नाही, आणि हे गोगलगायीला भोकापेक्षाही भयंकर वाटलं.

"त्याने ओ दिली," अखेर टिटवी म्हणाली.

"उशिरा दिली," गोगलगाय म्हणाली, "पण दिली."

मग दोघी इतक्या हसल्या, की त्यांना उठताच येईना.

आजोबा शिडीवरून पडले होते. घोटा सुजून तोंडल्याचा दुधी झाला होता आणि त्यांना सरपटत जाऊनही गाठता येणार नाही अशा कोपऱ्यात लाकडं होती. अंगावर जुनं शीड ओढून ते पडून होते. चूल पेटली, टिटवीला कोरडं करून घोंगडीत गुंडाळलं, तेव्हा ते आधी तिच्या बुटांवरून रागावले. मग गोगलगायीकडे वळले.

"तिसरं कोण होतं? मी तीन आवाज मोजले."

टिटवीने सगळं सांगितलं. आजोबांनी विस्तवात एक लाकूड सारलं.

"साठ वर्षं ती हाक ऐकतोय मी," ते म्हणाले. "दिवा लावला की आपलं काम झालं, असं समजत आलो. ओ द्यायची छाती झाली नाही माझी."

त्यांनी डोक्यावरची दिवेवाल्याची टोपी काढली आणि गोगलगायीच्या डोक्यावर ठेवली. टोपी तिच्या नाकापर्यंत आली. तिने ती वर सारली नाही.

संध्याकाळी तिने दिवा लावला. किनाऱ्यावरून आधी एक आरोळी आली, मग अनेक.

दुसऱ्या दिवशी दोघी परतल्या. टिटवीने घडलेलं तीनदा सांगितलं आणि दर वेळी पाठ थोडी मोठी होत गेली. होडीवाल्याने मान हलवत विचारलं, पुढे टिटवी होती ते ठीक, पण मागे नक्की कोण होतं.

"मागची माझी," दोर वळणारी म्हणाली आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

मग तिने लेकीच्या कमरेच्या गाठीत दोन बोटं घालून पाहिली. गाठ तशीच होती. 

दुपारी तिने कारखान्यात नवा दोर वळायला घेतला. बर्फावरच्या दोराला कमरेभोवती घालायच्या नेहमी दोनच कड्या असत, एकेका टोकाला एक. त्या तिने करून ठेवल्या. मग ती थांबली.

"तिसरी केवढी करू?"

गोगलगायीने दोन्ही हात पसरले. ते पुरले नाहीत. तिने दारातून सरोवराकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि चालत चालत, सावकाश, समोरच्या भिंतीला जाऊन टेकली.

आईने ते अंतर नजरेने मोजलं आणि तागाची आणखी एक जुडी ओढून घेतली.