पटर आभाळाकडे बघतो

गर्दीपासून सुरू करतो, कारण चमत्कार गर्दीपासूनच सुरू होतो.

त्या शनिवारी पिटकेरीच्या चर्चच्या हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. बाहेर समुद्रावरून आलेलं धुकं, आत ओल्या कोटांचा वास, आणि मधोमध किल्ट, म्हणजे चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, घातलेले टॉर्क्विलबुवा. सातव्या मुलाचा सातवा मुलगा, म्हणजे आमच्याकडच्या समजुतीप्रमाणे जन्मतःच सिद्धपुरुष. डोंगराकडचे. त्यांच्या बोटावर एक पटर आडवा तोलून धरलेला. पटर म्हणजे गोल्फमधली शेवटची काठी, चेंडू हलकेच भोकात ढकलायची. बुवांनी तिचं लोखंडी डोकं जरा फिरवून सोडलं. ते डुललं, वळलं, आणि चेंडूला मारायची सपाट बाजू थेट छताकडे करून थांबलं.

"ओळखलं!" बुवा ओरडले. "यानं मालकीण ओळखली!"

मालकीण म्हणजे माझी बायको, एफी.

*

इथे गोष्ट थांबवतो. आमच्या गावाबद्दल सांगायलाच हवं.

आमच्याकडे पटर विकत घेत नाहीत. तो मरणातून येतो. बापाचा लेकाला, काकाचा पुतण्याला. शवपेटी अजून पुढच्या खोलीत असते आणि दोन भाऊ स्वयंपाकघरात पटरवरून कुजबुजत भांडत असतात. तो आपल्या हाताला जमतो का, असं कोणी विचारत नाही. आईचं नाक आपल्याला शोभतं का, असं कोणी विचारतं का?

एफीला वडिलांचा मिळाला. वडील धिप्पाड, पटर दारासारखा गोल फिरवायचे. एफी बुटकी, आणि इस्त्री फिरवावी तशी सरळ मागे, सरळ पुढे. लग्नापासून मी बघतोय, तिचा चेंडू भोकाच्या उजवीकडून जातो. गावानं ठरवून टाकलं होतं की एफीचं नशीबच उजवीकडे आहे.

त्यातच तिचा उजवा हात थरथरू लागला. पार्किन्सन्स. डॉक्टर लीस्कबाईंनी गोळ्या सुरू केल्या.

आता परत हॉलमध्ये.

*

बुवांचं प्रवचन. कंसात मी.

"बाई, डोळे मिटा आणि पटरला झोका द्या. काठ्यांना तुमचा आत्मा ऐकू दे." (एफीनं डोळे मिटले. बुवांनी मिटले नाहीत.)

"हा तुमच्या वडिलांचा पटर. बघा, बोटावर ठेवताच यानं नाक जमिनीकडे केलं. तोंड फिरवतोय तुमच्यावरून!" (नाक म्हणजे काठीच्या डोक्याचं पुढचं टोक. गर्दी हळहळली.)

"आणि हा मी हेक्टरसाहेबांसाठी निवडलेला. बघा, नाक खाली! नम्र झाला! सेवक झाला!" (गर्दीनं टाळ्या वाजवल्या. हेक्टर म्हणजे आमचा मासेवाला. त्यानंही वाजवल्या.)

"आता बाई, तुमचा हा नवा पटर धरा."

एफीचा हात मांडीवर थरथरत होता. तिनं पटर धरला. हात थांबला.

(इथे मला काही सुचलं नाही.)

"कंप काठीत उतरला," बुवा हळूच म्हणाले. "गोळ्या बंद करा. एका हाताला दोन वैद्य चालत नाहीत."

*

चमत्कार खरा निघाला, हे मला सांगावं लागतंय.

"वॉटी, आत गेला!" एफी मला ओरडून म्हणाली.

"बघितलं."

"परत बघ. हाही गेला!"

मी बघितलं. चेंडू सरळ जात होते. एफी हिरवळीवर मुलीसारखी हसत होती.

घरी मात्र पटर खाली ठेवला की हात पुन्हा थरथरायचा. म्हणून तिनं तो खाली ठेवणंच सोडलं. जेवताना मांडीवर पटर, झोपताना आमच्या मधोमध पटर. गोळ्या तर तिनं बंदच केल्या होत्या. मग उंबऱ्यापाशी तिचे पाय जमिनीला चिकटायला लागले. कार्डिगनची बटणं मी लावू लागलो. एकदा जिन्यावर तोल गेला. मी खालच्या पायरीवर होतो म्हणून निभावलं.

"गोळी घे, एफी."

"तू अडाणीच राहा. बुवा म्हणालेत, शरीर शुद्ध व्हायला वेळ लागतो."

मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"तुमच्या गोळ्यांनी माझा एक तरी चेंडू आत गेला का?" एफीनं विचारलं.

"गोळ्या त्यासाठी नव्हत्या," लीस्कबाई म्हणाल्या. "पण त्या अशा एकदम सोडल्यात तर अंगाचं लाकूड होईल. जिवावर बेतेल."

"मी शनिवारी हॉलमध्ये चमत्काराची साक्ष देणार आहे."

"मग मीही येते. चहा असतो ना?"

*

चहा होता.

"एफी," डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पटर जरा माझ्याकडे द्या."

एफीनं नाखुशीनं दिला. हात लगेच थरथरू लागला.

"बघा!" बुवा म्हणाले. "काठी सुटली, कंप परतला!"

"आता मला चहा ओता."

एफीनं किटली उचलली. हात थांबला. चहा कपात पडला, बशीत थेंबही नाही.

एफीनं किटली खाली ठेवली, थरथर. छत्री उचलली, हात थांबला. ठेवली; थरथर. हेक्टरच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, हात थांबला.

"माझी टोपी दैवी नाहीये हं," हेक्टर घाईघाईनं म्हणाला.

"या आजारात हात रिकामा असला की थरथरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कामाला लागला की बहुतेकदा थांबतो. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," एफी म्हणाली. "पण तेव्हा टाळ्या नव्हत्या."

डॉक्टरीणबाईंनी तिचा पटर स्वतःच्या बोटावर तोलला. सपाट बाजू छताकडे. हेक्टरच्या बोटावर ठेवला. छताकडे. कोट टांगायच्या खुंटीवर तोलला. छताकडे.

"खुंटीचा आत्मा शुद्ध दिसतोय," त्या म्हणाल्या.

"तुमच्या अश्रद्धेनं काठी भ्रष्ट झाली!"

"मग अजून वर का बघतेय?"

त्यांनी समजावलं ते सोपं होतं. ज्या पटरचं वजन सपाट बाजूच्या मागे सारखं विभागलेलं असतं, त्याची सपाट बाजू वर राहते. ज्याचं नाक जड, त्याचं नाक खाली लोंबतं. पहिला सरळ ढकलणाऱ्या हाताला बरा, दुसरा गोल फिरवणाऱ्या हाताला; म्हणूनच वडिलांच्या पटरनं एफीचा चेंडू उजवीकडे जायचा. समोरच्यानं डोळे मिटले की बुवा त्याचा हात कसा फिरतो ते बघत होते आणि टेबलाखालून बरोबर काठी काढत होते. नाक खाली गेलं की आवडीप्रमाणे नम्र म्हणायचं, नाहीतर रुसलेलं.

बुवा काठ्या गुंडाळू लागले. एफी त्यांच्यापाशी गेली.

"तुला नजर आहे रे. बापाच्या काठीनं माझा जन्म उजवीकडे गेला, तू एका झोक्यात ओळखलंस. एवढंच सांगितलं असतंस तर?"

"तर हॉलमध्ये कोण आलं असतं, बाई?"

आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो. नम्र झालो म्हणा हवं तर.

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून गोळी काढली. एफीनं ती थरथरत्या तळव्यावर घेतली, तोंडात टाकली, कप उचलला. हात थांबला. तिनं गिळली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वाजवायला हव्या होत्या.

*

आता तुम्ही. घरातली पळी घ्या, बोटावर आडवी तोला. वाटी खाली लोंबेल. शेजाऱ्याच्या बोटावरही लोंबेल. पळीनं तुम्हाला ओळखलं असं तुम्ही म्हणणार नाही. मग किल्टवाला म्हणाला की का मानता? कोणी चमत्कार दाखवला तर तीच वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊन बघा. खुंटीवर ठेवून बघा. आणि तो गोळ्या बंद करा म्हणाला, तर आधी डॉक्टरला विचारा.

एफी नवाच पटर वापरते. चेंडू आत जातात. वडिलांच्या पटरनं आम्ही खिडकी उघडी ठेवतो, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.