पुठ्ठ्याच्या गाडीने माझी ताई पळवली

मी बोलतोय, इंजिनिअरिंग कॉलेजातला शर्यतीचा रोबो. आवाजात जळफळाट जाणवला तर तो खरा आहे, दाबून ठेवणार नाही.

वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मला दोघांनी घडवलं. टाचणी, म्हणजे अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी मुलगी. आणि तिचा वर्गमित्र लंबू, सदा घाईत. जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून न चुकता धावायचं, हे माझं काम. सुरुवातीला मी वळणावर भरकटायचो. लंबू वैतागायचा. टाचणी मात्र मला मांडीवर घेऊन एकेक वायर तपासायची. तेव्हा जगात तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग कॉलेजात नवीन खूळ निघालं. दर रविवारी जवळच्या वस्तीतल्या शाळेत जाऊन मुलांना विज्ञान शिकवायचं. टाचणीने हौसेने नाव दिलं आणि पहिल्या खेपेला मलाही नेलं. मी धावून दाखवलं, मुलांनी टाळ्या पिटल्या. मी फुगलो. तेवढ्यात टाचणीने मला उचलून खिडकीत ठेवलं आणि एक खोकं उघडलं. आत पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, रबरबँड, खेळण्यातल्या मोटारी.

भिंगरी नावाने सगळे जिला हाक मारत, त्या मुलीने त्यातून गाडी बनवली. गाडी कसली, ध्यान होतं! सोडली की जागच्या जागी गोल फिरे.

"ताई, ही सरळ का जात नाही?"

"तूच शोध की," टाचणी म्हणाली आणि तिच्या शेजारी फरशीवर पालथी पडली.

पालथी! माझ्यासाठी कधी पडली होती?

तेव्हापासून माझे रविवार गेले, मागोमाग शनिवारही गेले. टाचणी झाकणं गोळा करत हिंडायची, इकडे माझ्या चाकांवर धूळ. त्यात शर्यत आणि शाळेतलं मुलांचं प्रदर्शन एकाच दिवशी आलं.

"वर्षभर राबलो आपण," लंबू कडाडला, "आणि तू ऐन वेळी झाकणं चिकटवायला जाणार?"

"रोबोचं सगळं झालंय. भिंगरीची गाडी अजून अडलीये. मी गेले नाही तर तिला वाटेल, ही पण चार दिवस येऊन गेली."

ती गेली. त्या रागात मी असा सुटलो की थेट पहिला आलो. लंबूने मला डोक्यावर घेऊन नाचवलं. माझं लक्ष दाराकडे.

संध्याकाळी ती धापा टाकत आली.

"जिंकलो!" लंबू ओरडला.

"वा! अरे, पण ऐक ना, तिची गाडी सरळ गेली! एक चाक पुठ्ठ्याला घासत होतं. तिने स्वतः शोधलं, मी बोटसुद्धा लावलं नाही!"

मग तेच पुराण. माझ्या गळ्यात पदक, आणि कौतुक त्या पुठ्ठ्याचं. थोड्या वेळाने लंबूही हसत ऐकू लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जिंकून मिळालं काय? काचेचं कपाट आणि 'हात लावू नये' ही पाटी. येणारे-जाणारे बघत आणि पुढे जात.

आज शाळेतली मुलं कॉलेज बघायला आली. भिंगरी काचेला नाक चिकटवून उभी राहिली.

"ताई, याच्या पोटात काय आहे?"

"उघडलास तर परत धावेल याची खात्री नाही हं," लंबूने टाचणीला बजावलं.

टाचणीने किल्ली आणली आणि स्क्रूड्रायव्हर भिंगरीच्या हातात दिला.

आता मी टेबलावर उघडा पडलोय. चाकं एकीकडे, वायरी दुसरीकडे. खालून मुलं भिंगरीला हाका मारतायत, पण तिला ऐकूच जात नाही. माझी मोटार तळहातावर घेऊन ती श्वास रोखून बघतेय. दोन्ही बाजूंनी टाचणी आणि लंबू वाकलेत, आणि पुठ्ठ्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

मला हात नाहीत, असते तर जोडले असते. एवढंच करा, "चला, उशीर झाला" असं कुणी म्हणू नका. मला परत जोडायची काही घाई नाही.