मोटर प्लेट: दहा की बारा

उदयसिंहकाकांच्या मुलीला, भक्तीला, नववा महिना लागला होता. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला, तेव्हा माहेरच नागपूरला निघालं. काकू पुढे गेल्या. काका मात्र इथे, बडोद्याजवळच्या वाघोडियात अडकले, कारण कारखान्याची सगळी ड्रॉइंग त्यांच्या कॉम्प्युटरवर होती आणि त्यातलं खरं कुठलं, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

आम्ही औषधांची पावडर मिसळणारी यंत्रं बनवतो. एका यंत्राचे दोनशे चौदा भाग. प्रत्येक भागाची वेगळी फाइल आणि त्या सगळ्यांना जोडणारी एक मुख्य फाइल. नावं अशी: ‘ड्रम फायनल’, ‘ड्रम फायनल नवा’, ‘ड्रम खरा फायनल’, ‘पिलाजी म्हणतो तो’.

“काका, जाओ ने! महिनाभर जाओ,” मालक अविनाशभाई म्हणाले. “पण आधी सानवीबेनला सगळं सोपवा. पुढचं मशीन शुक्रवारी सुरू होतंय. तुमचा फोन लागला नाही तर मी कोणाला विचारू?”

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून चार महिन्यांपूर्वी इथे लागले. पहिल्याच आठवड्यात मी फोल्डर उघडून एका फाइलीचं नाव परस्पर बदललं होतं. मुख्य फाइल तो भाग जुन्याच नावाने शोधत बसली आणि स्क्रीनवरच्या यंत्राचं एक चाक गायब झालं. तेव्हा काका म्हणाले होते, “पोरी, मुलाचं नाव घरी बदललंस आणि शाळेत कळवलं नाहीस, तर बाई हजेरीला जुन्याच नावाने हाक मारणार ना?”

या वेळी मी सगळ्या फाइलींची वेगळी प्रत काढली. मुख्य फाइल उघडून, सॉफ्टवेअरच्या आतूनच एकेक नाव बदललं, म्हणजे जोडणी बरोबर राहते. जुनं नाव आणि नवा क्रमांक शेजारी शेजारी लिहीत गेले. शेवटी पडताळा. सॉफ्टवेअर सगळ्या भागांची बेरीज करून यंत्राचं वजन सांगतं. नावं बदलून वजन बदलायचं काही कारण नाही.

आधीचं वजन ४१२.६ किलो. नंतरचं ४१४.४.

एकही भाग गायब नव्हता, चूक झाल्याची सूचना कुठे आली नव्हती. मी दोन्ही याद्या समोर ठेवून भागांची वजनं ताडली. दोनशे तेरा जुळले. मोटरखालची प्लेट जुळेना. फरकाला पोलादाच्या घनतेने आणि प्लेटच्या क्षेत्रफळाने भागलं. बरोबर दोन मिलिमीटर आले. ‘मोटर प्लेट फायनल’ याच नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरमध्ये होत्या. प्रत काढताना मुख्य फाइलीने भलतीच उचलली होती.

“काका, माझं चुकलं. दहा मिलिमीटरची प्लेट होती, तिथे बाराची आली. परत दहाची करते.”

काकांनी चष्मा काढला. “थांब. बाराचीच हवी.”

“मग तुमच्या मुख्य फाइलीत दहा कशी?”

“चार वर्षांपूर्वी मोटर जड घेतली. दहाची प्लेट थरथरायला लागली, म्हणून बाराची काढली. मुख्य फाइलीत बदलायची राहून गेली. मग काय, दर मशीनला पिलाजीला तोंडी सांगतो, बाराची काप.”

“आणि तुम्ही नागपूरला असलात तर?”

“अशी आणखी किती असतील, मलाच आठवत नाही. तुझ्या काकूला कळवून टाकतो, जमत नाही म्हणून.” त्यांनी खिशातून फोन काढला.

“काका, तुम्हाला आठवत नसेल. पण तुम्ही सांगितलं ते कोणीतरी ऐकलंय ना?”

आम्ही खाली वर्कशॉपमध्ये गेलो. पिलाजीराव आमचे सर्वांत जुने फिटर. मी विचारलं तसं त्यांनी हत्यारांच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने सतरा ओळी लिहिल्या होत्या. ‘मोटर प्लेट १२.’ ‘बिजागरी डावीकडे, कागदावर उलटी आहे.’ ‘झाकणाचं भोक दोन खाली.’

“पिलाज्या! माझ्यावर भरोसा नव्हता तुझा?”

“तुमच्यावर होता. माझ्या डोक्यावर नव्हता.”

काका एकेक ओळ वाचत गेले. मध्येच म्हणाले, “हे मी कधी म्हणालो?”

“दिवाळीच्या आदल्या दिवशी. रिक्षात बसता बसता.”

“चालशे. लिही गं.”

चार दिवस आम्ही त्या सतरा दुरुस्त्या फाइलींत घातल्या. माझ्या नव्या क्रमांकांवर काका खूश नव्हते. “नंबरला ‘का’ विचारता येत नाही,” म्हणाले. ते खरं होतं. म्हणून यादीत एक रकाना कारणाचा वाढवला. प्लेटपुढे त्यांनी स्वतः लिहिलं: जड मोटर, दहाची थरथरते. सतरा बदलांनी वजन किती व्हायला हवं, ते मी आधी कागदावर काढलं होतं: ४१५.१. सॉफ्टवेअरनेही तेच दाखवलं. मी दोनदा बघितलं.

शुक्रवारी सकाळी नव्या मशीनची ड्रॉइंग खाली गेली. काकांनी पिलाजीरावांना एक शब्दही सांगायचा नाही आणि त्यांनीही कपाटाचं दार न बघता कागदावरूनच कापायचं, असं ठरलं होतं. काका खिडकीशी उभे राहिले. अकरा वाजले. चहा आला, थंड झाला. प्लेट कापल्याचा आवाज आला, तशी त्यांना राहवेना. ते खाली गेले आणि दहा मिनिटांनी वर आले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. मोजून आलो. बाराची कापलीय.” ते खुर्चीत बसले. “मला काही विचारलंसुद्धा नाही त्याने. उलट म्हणतो, अजून इथेच?”

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. “नागपूरची गाडी बघ गं. मिळेल ती.”

“परतीचं कधीचं काढू?”

“आत्ता जायचं काढ,” काका म्हणाले. “परतीचं बाळाला विचारून सांगतो.”