बिरोबाच्या डोंगराची पाहणी

तातेराव ठेकेदार जीपमधून उतरला आणि आबारावांना "महाराज" म्हणाला, तेव्हाच त्यांच्या बायकोच्या, गोपिकाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आबाराव धामणवाडीच्या बिरोबाचे पुजारी होते हे खरं, पण उभ्या जन्मात त्यांना महाराज कुणी म्हटलं नव्हतं.

शहाण्णव सालचा तो हिवाळा. तातेरावाला मंठ्याच्या रस्त्याचं काम मिळालं होतं. गावाबाहेरच्या जुन्या खाणीशेजारी त्यानं खडीचा क्रशर उभा केला होता. तिथं दगड भरपूर होता, पण वरचा मातीमुरूम हटवायला खर्च येत होता. बिरोबाचा डोंगर मात्र उघडा काळा कातळ, सुरुंग लावला की दगड हातात. डोंगर गायरानात, म्हणजे सरकारी जागेत. तातेरावानं तिथल्या खाणीसाठी तहसिलीत अर्ज केला होता आणि गावानं हरकत घेऊ नये म्हणून तो पुजाऱ्याच्या दारी आला होता.

"महाराज, देव खाली गावात आणू. संगमरवरी फरशी, वर कळस. उन्हापावसात किती दिवस ठेवायचं त्याला? सगळा खर्चा माझा."

आबाराव जीपमध्ये बसून मंठ्याला गेले, हॉटेलात जेवले आणि होकार देऊनच परतले.

"कोणाला इचारून सांगितलं?" गोपिकाबाईंनी चुलीपासून न उठता विचारलं.

"इचारायचं काय? मी पुजारी हाय."

"पुजारी हायात, मालक न्हाई."

आबाराव चिडले. "तुझा धर्मराज त्याच्याच क्रशरवर हाय ना कामाला? त्यो बंद पडला तर पोरगं काय करंल?"

"क्रशर बंद पाडा म्हणतंय कोण? जुन्या खाणीत लई दगड हाय. त्यो काढा की खुशाल. देवाच्या अंगाला सुरुंग लावू देणार न्हाई, एवढंच."

दुसऱ्या दिवशी चार बायांना घेऊन त्या मंठ्याला तहसिलीत गेल्या. नायब तहसीलदार तरुण होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाई, अर्जदार म्हणतो तिथं देऊळ नाही, बांधकाम नाही, कुणाची वहिवाट नाही. पुढच्या सोमवारी मी स्वतः पाहणीला येतो. देवस्थान असेल तर मला दिसलं पाहिजे."

खरी अडचण इथंच होती. डोंगरावर भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, साधी घंटाही नव्हती. बिरोबा मेंढपाळांचा देव, त्यांच्यासारखाच उघड्यावर राहणारा. वर्षातून एकदा मेंढरं चढायची, भंडारा उधळला जायचा आणि पहिल्या पावसात धुऊन जायचा. साहेबाला दाखवायचं काय?

एस.टी. स्टँडवर गोपिकाबाई बायांना म्हणाल्या, "तुम्ही जा घरी. ज्यांचा देव हाय त्यांना घेऊन येते." आणि त्या परतूरच्या गाडीत चढल्या. परतूरला गाडी बदलून संध्याकाळच्या आत तीर्थपुरी गाठली.

त्यांचा धाकटा भाऊ रायभान आणि इतर मेंढपाळ दर हिवाळ्यात गोदावरीच्या बाजूला उतरायचे. कापूस वेचून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवायची, शेताला खत आणि मेंढपाळाला ज्वारी, असा तो व्यवहार. विचारत विचारत गोपिकाबाई पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात पोचल्या.

"अक्का! एकटीच आलीस?" रायभान धावत आला.

बहिणीचं ऐकून घेतल्यावर मात्र त्यानं मान खाली घातली. "चार रोजाची चाल हाय. आन् पुंजारामभाऊंची ज्वारी घेतलीय आमी. रान अर्धं सोडून कसं निघावं?"

पुंजाराम बांधावर उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "देवाचं काम उरकून या. पण परत येताना दुसऱ्याच्या रानात शिरू नका, बराबर माझ्याच रानात यायचं. कबूल?"

"बिलकुल कबूल," रायभान म्हणाला. पहाटेच बिऱ्हाडं घोड्यांवर लादली गेली. वाटेत दुसऱ्या कळपांना सांगावा गेला, तेही निघाले.

सोमवारी नायब तहसीलदारांची जीप डोंगराच्या पायथ्याशी आली आणि तिथंच थांबली. पुढं रस्ताच दिसत नव्हता. रस्त्यावर मेंढरं, उतारावर मेंढरं, कातळाच्या माथ्यावर मेंढरं. काळी, पांढरी, ठिपक्यांची. मध्ये लाल पागोटी हलत होती, ढोल वाजत होता आणि हवेत भंडारा उडत होता. मागच्या जीपमधून उतरलेल्या तातेरावाच्या पांढऱ्या शर्टावरही पिवळा सडा पडला.

"साहेब, हा सगळा देखावा हाय," तो ओरडला. "मुद्दाम आणलीत ही मेंढरं!"

"आणलीत," गोपिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "साहेब आमाला म्हणले दाखवा. मंग दाखवून राह्यलो."

साहेब पायीच वर चढले. "यात देव कुठला?" त्यांनी विचारलं.

रायभाननं एका उभ्या कातळाकडं हात केला. पलीकडच्या म्हाताऱ्यानं घळीतली शिळा दाखवली. तिसऱ्यानं माथ्यावरचा गोल दगड दाखवला. प्रत्येकाचा हात निराळ्या दिशेला, आणि बोट जाईल तिथल्या दगडावर ताजा भंडारा.

तातेराव मोठ्यानं हसला. "बघा! यांनाच पत्ता न्हाई देव कुठं हाय त्याचा. महाराज, तुम्ही सांगा साहेबांना. तुम्ही देव खाली आणायला तयार हायात ना?"

सगळ्यांनी आबारावांकडं पाहिलं. गोपिकाबाईंनीही पाहिलं. जे बोलायचं ते आता आबारावांनीच बोलायचं होतं.

आबारावांनी पागोटं सारखं केलं. "तयार होतो साहेब. खोटं कशाला बोलू? परवा मी एकटाच वर आल्तो, कोणता दगड खाली न्यायचा ते ठरवायला. माझ्या बापानं त्या घळीत पूजा केली, मी माथ्यावर करतो, रायभानच्या घरचे त्या कातळापाशी करतात. एक उचलला तर बाकीच्यांचा देव इथंच राह्यतो. समदा डोंगर उचलावा तेव्हा देव हलंल. तेवढं मोठं देऊळ तातेरावांना बांधता येईल का, ते त्यांना इचारा."

मेंढपाळ हसले. साहेबांनाही हसू आवरलं नाही. तातेराव मात्र तावातावानं म्हणाला, "मंग रस्ता कशाचा करू? आणि तुमच्या पोरांना काम कोण देईल?"

याच प्रश्नाची गोपिकाबाई वाट पाहत होत्या. "रस्ता आमालाही पाहिजे आन् पोरांना कामही. जुनी खाण काढा. थोडा खर्चा जास्त येईल, येऊ द्या. सुरुंग दुपारच्या एकाच टायमाला, आधी लाल झेंडा लावायचा. खडीवर पाणी मारायचं, म्हणजे धुराळा पोरांच्या छातीत जाणार न्हाई. आन् काम झालं की खड्डा उघडा टाकायचा न्हाई."

"तुम्ही खाणीचं काम शिकलात कुठं?" साहेबांनी नवलानं विचारलं.

"माझा धर्मराज रोज खोकत घरी येतो, साहेब. तेवढं शिकणं पुरतं."

साहेबांनी डोंगराच्या कडेकडेनं चालत हद्द पाहिली, मेंढपाळांकडून तिथं चुना फासलेले दगड लावून घेतले आणि डोंगराचा अर्ज फेटाळत असल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. जुन्या खाणीला परवानगी राहिली, गोपिकाबाईंच्या अटींवर. तातेराव जीपकडं गेला. मेंढरांनी त्याला वाट द्यायला बराच वेळ घेतला.

मेंढपाळ दुसऱ्याच दिवशी पुंजारामच्या रानाकडं निघून गेले. आठवडाभर क्रशर नियमानं चालला. मग एका सकाळी पाण्याचा टँकर आला नाही आणि मशीन तशीच सुरू झाली. पांढरा धुराळा गावावर येताना दिसला तशी गोपिकाबाईंनी भाकरीचं पीठ झाकलं आणि पायात चप्पल घातली.

"थांब," आबाराव मागून म्हणाले, "मी पण येतो."

दोघं क्रशरवर जाऊन खडीनं भरलेल्या टिप्परसमोर उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मुकादम धावत आला. "काकू, आजचा दिवस चालू द्या. टँकर बिघडलाय."

"मंग मशीनही बिघडलीय असं समज," गोपिकाबाई म्हणाल्या आणि शेजारच्या दगडावर ऐसपैस बसल्या. आबाराव त्यांच्या बाजूला बसले आणि त्यांनी तंबाखूची चंची काढली.

मशीन बंद झाली. धुराळा हळूहळू खाली बसला आणि दुपारच्या आत दुसरा टँकर आला.