घाणमाळाचा घावमाळ

रंगुबाईच्या शेतात मुंगीला जागा नव्हती. बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डीकडच्या आमच्या गावातल्या विहिरींनी तळ दाखवलेला, पाणी होतं ते एका रंगुबाईच्या विहिरीला. तिच्या बांधावर कुठूनसे आलेले एक बाबा बसले होते. हळद माखलेल्या धोंड्यावर ते कमंडलूतलं स्वच्छ पाणी सोडायचे, की धोंड्यावरून रक्ताचे ओघळ निघायचे. बायाबापड्या पदर पसरत होत्या.

"याच विहिरीचं हे पाणी," बाबा म्हणाले. "इथं देवीला घाव बसला. हा घाणमाळ नव्हे, घावमाळ. एका अक्षरानं तुम्ही घावाची घाण केलीत."

देवीच्या अंगावर नांगर फिरतो म्हणून पाऊस रुसला, असं त्यांचं म्हणणं. रंगुबाईनं हातावर पाणी सोडून शेत आणि विहीर देवीला द्यावी. कारभार बघायला पंच ठरलेच होते, त्यात पहिले शामकांत गुरुजी. विधवा बाई, त्या शेतावर तिची चूल. तरी भीतीनं तिनं तांब्या हातात घेतला होता.

'घावमाळ' हा शब्द माझ्या ओळखीचा होता.

पन्नाशी उलटल्यावर मला अक्षरं आली, ती गुरुजींमुळे. शेतांना, ओढ्यांना अशी नावं का पडली, ते विचारत आम्ही दोघं हिंडायचो. म्हाताऱ्या लंकाबाईनं सांगितलं होतं, की इथं चुना मळायचा घाणा फिरायचा, म्हणून घाणमाळ. घरी येऊन मी ते पाटीवर लिहिलं आणि ण काढता काढता व झाला. गुरुजी हसले होते, "तात्या, एका अक्षरानं घाणीचा घाव केलात." ती पाटी आम्हा दोघांशिवाय कुणी पाहिली नव्हती.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते धोंड्याकडे पाहत राहिले.

सवयीनं हात चंचीकडे गेला. सकाळी विळा लागला म्हणून बोटाला हळद बांधली होती. तंबाखूला चुना लावला आणि ती हळद लालभडक झाली.

मी पुढं झालो. "बाबा, विहिरीचंच पानी हाय ना? मग रंगुबाई ताजं आनंल."

देवीची परीक्षा घेणाऱ्याची जीभ झडते, बाबा गरजले.

"माजं तर दात बी झडल्यात," लंकाबाई म्हणाली. "आन गं रंगू पानी."

धोंड्याला नवी हळद माखून ताजं पाणी ओतलं. हळद पिवळीच राहिली. मग मी तांब्यात चुना कालवला, निवळू दिला आणि वरचं पाणी सोडलं. धोंडा तांबडा झाला. कारभारी पाटलानं कमंडलूत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "चुन्याची निवळी हाय." बाबांनी गुरुजींकडे पाहिलं. ते सगळ्यांनी पाहिलं. रंगुबाईनं तांब्या खाली ठेवला.

वाटेत गुरुजींनी मला गाठलं. "तात्या, लोकांना घाण नको असते, घाव हवा असतो. देऊळ झालं असतं, गावाचं नाव झालं असतं."

"आन रंगुबाईचं?"

गुरुजी पुढं चालू लागले. ज्यानं माझं बोट धरून 'अ' गिरवला, त्यानं माझी चूक उचलून एका बाईच्या पाण्यावर घाव घातला. तो घाव मात्र खरा होता.

शेताच्या तोंडाशी मी फळी ठोकली: घाणमाळ. ण दोनदा गिरवला.

बाबांनो, चमत्कार दिसला तर घरची हळद आणि चंचीतला चुना घ्या, स्वतः करून बघा. नावाचा अर्थ कुणी सांगितला, तर कुठून कळला ते विचारा. सांगणारा तुमचा गुरू असेल, तर दोनदा विचारा.