तिसऱ्या रांगेतल्या पिशव्या

इसवी सन २०२३, फेब्रुवारी महिन्याची सातवी तारीख, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून काही मिनिटे. स्थळ मध्य बोस्नियातील क्रिवाया नदीचे खोरे, पोदबोर नावाची नऊ घरांची आळी, घर क्रमांक चार. बाहेर पारा शून्याखाली चौदा अंशांवर होता आणि माझी शेगडी बंद होती. जे सांगायचे आहे त्यातील बहुतेक भाग या घटकेपूर्वीच घडून गेला होता. परंतु मला तो या घटकेनंतर कळला, म्हणून तारीख हीच धरली आहे.

माझे नाव रेशाद. एकतीस वर्षे मी भूमापन खात्यात नोकरी केली आणि या खोऱ्यातील निम्म्या बांधांवर माझ्या साखळीच्या खुणा आहेत. मोजल्यावाचून मी काही मानत नाही आणि एकदा मानले की सोडत नाही, असे माझी पत्नी नेफिसा म्हणते. तिच्या म्हणण्यात तक्रार आहे, चूक नाही.

नेफिसाची फुफ्फुसे दुबळी आहेत. घरात लाकडाचा वा कोळशाचा धूर अजिबात नको, ऊब मात्र रात्रंदिवस एकसारखी हवी, असे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बजावले. तेव्हा मी आजोबांच्या वेळची चूल काढून पेलेटची शेगडी बसवली. भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या तिच्यात आपोआप पडत राहतात आणि स्वच्छ जळतात. मात्र कांडी अस्सल लाकडाची हवी. तशी नसेल, तर त्या शेगडीसारखे लहरी जनावर दुसरे नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात पेलेट मिळेनासे होणार अशी आवई उठली आणि जो तो हिवाळ्याआधीच कोठार भरू लागला. शेजारच्या पाच नंबरातल्या फिक्रेतने जुलैतच रस्त्यावर उभ्या असलेल्या एका ट्रकमधून माल उचलला. मी मात्र कारखान्यातून नमुना आणवला, दहा कांड्या पेलाभर पाण्यात टाकल्या आणि त्या बुडतात की तरंगतात, पाणी गढूळ होते की नितळ राहते, हे घड्याळ लावून पाहत बसलो. फिक्रेत कुंपणावर कोपर टेकून हसत होता.

"शेजारी, तू पेले भरत बस. तुझ्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत बर्फ थांबणारे का?"

"तू निदान एक तरी पिशवी फोडून बघितलीस का?"

"पिशवीवर तुझ्याच कारखान्याचं नाव आहे की! लग्नाआधी बायकोचे दात मोजणारा माणूस तू. तुझ्याशी कोण बोलणार!"

फिक्रेत आणि मी छत्तीस वर्षांचे शेजारी. आमची घरे एकाच वर्षी उभी राहिली. तेव्हापासून आमच्या कोठाराची आणि मागच्या दाराची किल्ली त्याच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते आणि त्याची आमच्या. आमच्याकडे किल्ली भावाकडे ठेवत नाहीत. भाऊ दूर असतो. ती शेजाऱ्याकडे ठेवतात, आणि ती परत मागणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अठ्ठावीस ऑगस्टला माझा माल आला. आळीच्या रिवाजाप्रमाणे सगळे हात लावायला आले आणि ट्रकपासून कोठारापर्यंत माणसांची साखळी उभी राहिली. एकशे पंचाण्णव पिशव्या होत्या. पासष्टाच्या तीन रांगा मी ठरवल्या होत्या. तिसरी मागच्या भिंतीकडे, वीतभर अंतर सोडून, लाकडी फळ्यांवर. मग दुसरी, मग पहिली. जळण पुढून काढायचे, म्हणजे तिसरी रांग शेवटी लागणार. साखळीच्या टोकाला उभा राहून मी प्रत्येक पिशवीच्या पोटावर मार्करने रांग आणि क्रमांक लिहीत होतो. पिशव्या आडव्या रचल्या की वरच्या थराखेरीज हे आकडे झाकले जातात.

"प्रसूतिगृहात पोरांना एवढे नंबर घालत नाहीत!" फिक्रेत आतून ओरडला. पिशव्या रचण्याचे काम त्याने आपणहून घेतले होते. "तीन-चौदा, तुझी आई कोण गं?"

साखळी हसली. नेफिसाने खिमा भरलेले बुरेक आणि पातळ दही आणले. घाम पुसता पुसता मी फिक्रेतला माझा हिशेबही सांगितला: गेल्या हिवाळ्यात दोन रांगा आणि सहा पिशव्या लागल्या, तेव्हा तिसरी रांग जवळजवळ अखंड उरणार. काही माणसे आपल्या मुलांविषयी ज्या अभिमानाने बोलतात, त्या अभिमानाने मी हे बोललो होतो.

सप्टेंबरात नेफिसाला घेऊन मी बारा दिवस गरम झऱ्यांच्या गावी गेलो. कोंबड्यांना दाणे आणि मिरच्यांना पाणी घालण्याचे काम फिक्रेतकडे होते. परत आलो तेव्हा मिरच्या टवटवीत होत्या, अंडी टोपलीत मांडलेली होती आणि कोठारात, मी मोजून पाहिले, एकशे पंचाण्णव पिशव्या होत्या.

डिसेंबरात नेफिसाला न्यूमोनिया झाला. ती इस्पितळातून घरी आल्यापासून शेगडी एक क्षणही विझू दिली नाही आणि जळण माझ्या हिशेबाच्या कितीतरी पुढे गेले. जानेवारीच्या मध्यावरच तिसरी रांग उघडली. वरचा सगळा थर चांगला जळला. दोन फेब्रुवारीला त्याखालची पहिली पिशवी उचलली, तर तिच्यावर आकडा नव्हता.

"तू विसरलास?" नेफिसाने अंथरुणातून विचारले. "तू?"

"साखळीच्या घाईत एखादी सुटली असेल."

"मग वर्तमानपत्रात द्यायला हवं."

शेजारच्या पिशवीवरही आकडा नव्हता. त्याखालच्याही नाही. दुसऱ्या दिवशी शेगडीचा लाल दिवा लागला, ज्योत पिवळी पडली आणि दोन वर्षांत प्रथमच घरात धुराचा वास आला. नेफिसा खोकू लागली. मी जळणाची वाटी काढून पाहिली, तर तळाशी काचेसारखा काळा खडा बसलेला. खरवडला, पुन्हा पेटवले. दोन तासांनी पुन्हा तेच.

शनिवारी द्राझेन मिस्त्री आला. रोजच्याप्रमाणे कॉफीला आलेला फिक्रेतही तेथेच बसला होता. मिस्त्रीने तो खडा खिडकीच्या उजेडात धरला.

"रेशादभाई, हे बीचचं लाकूड नाही. हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं कपाट आहे. चिपबोर्ड, गोंद, रंग, वाळू, सगळं दळून कांड्या केल्यात." मग त्याने पिशवीचे तोंड चाचपले. "आणि ही शिवण बघा. एकदा कारखान्यात चिकटवलेली, मग कुणीतरी इस्त्रीने पुन्हा. जुन्या पिशव्या गोळा करून भरतात लेकाचे. बाई, तुम्ही हा धूर घेऊ नका, सांगून ठेवतो."

"कारखान्याला पत्र लिही," फिक्रेत म्हणाला. "असं लिही की त्यांना थंडीत घाम फुटला पाहिजे."

रविवारी मी तीन पानांचे पत्र लिहिले. मालाची तारीख, पावतीचा क्रमांक, खड्याचे वजन, शिवणीचे वर्णन, पत्नीचा आजार; एकही विशेषण मी पुराव्यावाचून वापरले नाही. फिक्रेतचा पुतण्या त्याच कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला असतो. "दे इकडे," फिक्रेत म्हणाला, "टपालात चार दिवस जातील. उद्या मी स्वतः नेऊन देतो." मी त्याचे आभार मानले. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो: मी त्याचे आभार मानले.

सोमवारी वाट पाहिली. मंगळवारी सकाळी पारा चौदावर उतरला आणि शेगडी तिसऱ्यांदा विझली. नेफिसा दोन कोट आणि घोंगडी पांघरून बसली होती. तिचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. आमच्याकडे जशी वाटीभर साखर उसनी आणतात, तशी पेलेटची पिशवीही आणतात. मी कुंपण ओलांडले.

फिक्रेत पाव आणायला गेला होता. दार त्याची सून आल्दिना हिने उघडले. कडेवर तीन महिन्यांची मुलगी.

"या ना रेशादचाचा, आत या, बाळाला वारा लागतोय."

"पोरी, एक पिशवी उसनी दे. आजच्या दिवसापुरती."

"एक कशाला, दोन न्या! बाबा सारखे म्हणतात, यंदा माल काय नशिबाने मिळाला, राखसुद्धा उरत नाही." कोठाराचे दार तिनेच ढकलले. "तुम्हीच उचला, माझे हात अडकलेत."

मी पिशवी खांद्यावर घेतली, घरी आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकली. ती उलटी पडली. तिच्या पोटावर, माझ्या अक्षरात, तीनचे वरचे टोक मी नेहमी सपाट करतो त्याच वळणाने, लिहिले होते: ३/२१.

जमिनीच्या मोजणीत असे प्रसंग येतात. नकाशा बरोबर असतो, साखळी बरोबर असते, बेरीज जुळते, आणि तरीही दगड भलत्याच शेतात सापडतो. अशा वेळी मी पक्षकारांना नेहमी सांगत असे की आधी बसा. मी बसलो. शेगडी भरून पेटवण्याचे भान नेफिसाला राहिले. तिने उठून पिशवीचे तोंड कापले आणि निम्मी आत ओतली. तिने आकडा वाचला होता.

दहा वाजता फिक्रेत नेहमीप्रमाणे दार न वाजवता आला, उंबऱ्यावर बुटांचा बर्फ झाडत.

"काय शेजारी, तुझी लोखंडी सासू अजून रुसलेलीच का?" आणि मग त्याला टेबलावरची पिशवी दिसली.

तो उभाच राहिला. "आल्दिनाने दिली?"

"मी मागितली, तिने दिली. वाच, काय लिहिलंय."

"तुझं अक्षर आहे."

"आकडा वाच, फिक्रेत."

"तीन. एकवीस."

"अशा किती?"

"चव्वेचाळीस." त्याने टोपी काढली. "पण जेवढ्या नेल्या तेवढ्याच ठेवल्या. एकसुद्धा कमी नाही केली. मी चोरी नाही केली, रेशाद."

"वरचा थर मात्र माझाच राहू दिलास."

त्याने टोपी टेबलाच्या कडेला ठेवली.

"तिसऱ्या रांगेला मी हात लावणार नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. दोन रांगा आणि सहा पिशव्या." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "सप्टेंबरात मी शेगडी लावून बघितली. पहिल्याच दिवशी दगड. सगळा माल तसला. घरात तान्हं बाळ येणार होतं, आणि बाजारात एक पिशवी मिळत नव्हती. तू गावाला गेलास. मी म्हटलं, तुझी मागची रांग अशीही पुढच्या वर्षापर्यंत पडून राहणार. वसंतात नवा माल येईल, तेव्हा गुपचूप बदलून ठेवीन. तुला कळणारही नाही. खुदाची शपथ, हेच मनात होतं."

"डिसेंबरात नेफिसा इस्पितळातून आली. शेगडी रात्रंदिवस चालतेय हे तू रोज बघत होतास. या खुर्चीत बसून. तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो."

"शनिवारी मिस्त्री तो दगड हातात घेऊन उभा होता. ती तुझ्यासमोर खोकत होती. तू मला पत्र लिहायला सांगितलंस!"

फिक्रेतने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि माझा लिफाफा टेबलावर ठेवला. तो उघडलेला नव्हता. कोपराही दुमडला नव्हता. छत्तीस वर्षांत त्याने माझी वस्तू कधी खराब करून परत दिली नाही.

वास्तविक या ठिकाणी माझ्यापाशी मुद्दे पुष्कळ होते. अदलाबदल ही चोरी नव्हे, या त्याच्या प्रतिपादनाचे खंडन मला तीन प्रकारे करता आले असते. तिन्ही मनात मांडून तयार होती. परंतु तोंडून एकच प्रश्न निघाला.

"माझ्याकडे मागितल्या असत्यास तर?"

"तर तू दिल्या असत्यास," फिक्रेत म्हणाला. "आधी माझ्या दहा कांड्या पेल्यात टाकल्या असत्यास. मग सगळ्या आळीला तो पेला दाखवला असतास. आणि मग दिल्या असत्यास."

हे विधान खोटे आहे असे मला तत्काळ म्हणता आले नाही. खरे आहे असे म्हणण्याची माझी तयारी नव्हती, आजही नाही. आणि खरे असले तरी त्याने त्याच्या कृत्याचे समर्थन होत नाही, हे मी कोणाहीपुढे सिद्ध करून देईन. पण त्या वेळी मी शेगडीकडे वळलो. शेगडीत माझ्याच कांड्या एकेक करून पडत होत्या आणि ज्योत पांढरी, सरळ जळत होती.

"एकोणतीस उरल्यात. बाळाच्या खोलीपुरत्याच जाळत होतो, बाकी विजेवर," तो म्हणाला. "सगळ्या आत्ता आणून टाकतो. तुझा तो कचरा मी घेऊन जातो."

"तुझा कचरा."

"माझा. माझा कचरा घेऊन जातो."

"आणि बाळ?"

"आल्दिना तिच्या आईकडे जाईल. तिथे चूल आहे."

"चुलीचा धूर आहे," मी म्हटले.

आम्ही दोघांनीही एकाच वेळी नेफिसाकडे पाहिले. इतकी वर्षे आमचे वाद असेच तिच्यापाशी येऊन थांबत आले आहेत. तिने घोंगडी एका खांद्यावरून उतरवली. खोलीत ऊब येऊ लागली होती. तिने कॉफीचा तिसरा कप उचलला, फिक्रेतसाठी मांडलेला, आणि तो पालथा करून फळीवर ठेवला. मग श्वास पुरेल इतक्याच शब्दांत ती बोलली.

"पंधरा आण, फिक्रेत. चौदा बाळासाठी राहू दे. आणि पहिल्या पिशवीबरोबर आमची किल्ली आण."