दुसरा हशा

आमच्या सरकारी शाळेच्या नाटकात प्रत्येक विनोदाला दोनदा हशा येतो. नाटकाची भाषा कळणारे पालक लगेच हसतात. मग ते शेजारच्याला त्याच्या भाषेत समजावतात आणि उरलेले हसतात. तोवर रंगमंचावरची मुलं थांबतात. आज मी इथे शिकवते; माझी आई इथे शिकायची, तेव्हा तीही अशीच थांबायची.

शहराच्या नाट्यस्पर्धेतही मुलं थांबली. पुढच्या रांगेतले परीक्षक महाशय मान वळवून मला म्हणाले, "काय बाई, मुलं वाक्यं विसरली वाटतं?"

माझं डोकंच सणकलं. "विसरतायत कुठली! थांबलीयत. ऐका जरा!"

मागे कुजबुज पसरत गेली आणि आमच्या मुलांच्या आईबापांच्या हशाने अख्खं नाट्यगृह दणाणलं.

फक्त परीक्षक हसले नाहीत. बिचाऱ्यांना समजावून सांगणारं शेजारी कोणीच नव्हतं.